हिटेड सीट ‘लो’वर ठीक, ‘हाय’वर कोमट. पॅड बदलावे का, आणि नागपुरात नवं किट कुठे बसवून मिळेल?

पॅड बदलू नका. सीट उघडूही नका, अजून तिची वेळ आलेली नाही.

तुमच्या प्रश्नातली माहिती एवढी: ३५० सीसीची मोटरसायकल, बाहेरून घेतलेलं, सीटच्या कव्हरखाली तापणाऱ्या दोन पॅडचं किट. ‘लो’वर सीट पूर्वीसारखीच ऊब देते, ‘हाय’वर मात्र स्विचचा दिवा लागतो तरी सीट कोमटच राहते. गॅरेजवाल्याने सीटखालचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग-जोड, सोडवून मीटर लावला आणि म्हणाला, ‘बारा व्होल्ट येऊन राहिले, वायरिंग ओके आहे, पॅड गेले.’ नवं किट कुठलं घ्यावं आणि नागपुरात कुठे बसवावं, असं तुम्ही विचारताय.

त्या गॅरेजवाल्याचं वाक्यच चूक आहे. दर थंडीत याच एका वाक्यावर चांगल्या सीटा फाडल्या जातात, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. उघड्या कपलरवर दिसणारे बारा व्होल्ट वायरिंगच्या तब्येतीबद्दल काहीही सांगत नाहीत. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटलेल्या असोत, बोल्टखाली गंज असो, मीटरवर तरीही १२.६ दिसणारच. पॅड जोडला आणि सात-साडेसात अँपिअर वाहू लागले, की मग त्या गंजात व्होल्टेज खर्ची पडतं आणि पॅडपर्यंत उरलंसुरलं पोचतं. म्हणून मोजायचं ते कपलर जोडलेला, स्विच ‘हाय’वर आणि इंजिन चालू असताना. कपलर सोडवून घेतलेल्या रीडिंगला मी रीडिंग मानत नाही.

तुमचं लक्षणच बघा, त्यात अर्धं उत्तर आहे. दोन पॅड आणि दोन पायऱ्यांच्या अनेक किटांत ‘लो’वर दोन्ही पॅड एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये येतात आणि ‘हाय’वर पॅरलल होतात, म्हणजे प्रत्येक पॅड वेगळा थेट बॅटरीला जोडला जातो. एक पॅड १२ व्होल्टला ४० वॉटचा धरा, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) ३.६ ओहम. सिरीजमध्ये ७.२ ओहम, पॅरललमध्ये १.८. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतील, तर ‘लो’वर साधारण १.९ अँपिअर आणि २६ वॉट, ‘हाय’वर ७.७ अँपिअर आणि १०६ वॉट. चौपट. आता एक पॅड खरंच तुटला असता तर काय झालं असतं? सिरीजची साखळीच तुटली असती, ‘लो’ पूर्ण बंद पडला असता आणि ‘हाय’वर सीट एकाच बाजूने तापली असती. तुमचा ‘लो’ चालू आहे, म्हणजे दोन्ही पॅड जिवंत आहेत. वाटेत कुठेतरी एखाद्या ओहमचा अडथळा आहे. ‘लो’वर करंट थोडा, म्हणून तो जाणवत नाही, ‘हाय’वर जाणवतो.

हुबेहूब असंच एक काम गेल्या हिवाळ्यात बाकावर आलं होतं, त्याचे आकडे देतो. तशीच ३५० सीसी, तसंच किट. गाडीवाल्याचं पहाटे देवलापारकडे जाणं-येणं. आधीच्या गॅरेजने पॅड बदलले होते आणि त्यासाठी रेक्झिन उसवून पुन्हा ठोकलं होतं. फरक पडला नाही म्हणून रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) बदलला. तरी नाही, म्हणून ‘फ्यूजमुळे करंट अडतोय’ असं सांगून १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून २० चा पिवळा टाकला. जुने पॅड पिशवीत घालून परत दिले होते, ते मोजले: एक ३.६ ओहम, दुसरा ३.७. दोन्ही धडधाकट. नवे पॅडही ३.६.

मग सीट उलटी करून गाडीशेजारच्या स्टुलावर ठेवली, कपलर जोडलेलाच ठेवला, इंजिन ३००० आरपीएमवर, स्विच ‘हाय’वर. बॅटरीवर १३.८. पॅडच्या दोन वायरींमध्ये ९.०. म्हणजे करंट फक्त ५ अँपिअर आणि उष्णता ४५ वॉट, १०६ च्या जागी. ‘लो’चा हिशेब केला तर २६ च्या जागी जेमतेम २०-२१ वॉट, एवढा फरक बसणाऱ्याला कळतही नाही. ४.८ व्होल्ट वाटेत हरवत होते. प्लसच्या बाजूने मोजलं, बॅटरीच्या प्लसपासून पॅडच्या प्लसपर्यंत, फ्यूज, रिले, स्विच सगळं धरून: ०.३. उत्तम. मायनसच्या बाजूने, पॅडच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ४.५. किट बसवणाऱ्याने अर्थची (मायनसची) काळी वायर सीटखालच्या फ्रेमच्या बोल्टला कसली होती, आणि फ्रेमवर जाड पावडर कोट. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, रंगावर बसलेलं. धातूला धातू लागत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांत, आणि तिथे पावसाळ्याचा गंज. ४.५ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे २२ वॉट त्या बोल्टपाशी जळत होते. थिंबलवरची प्लॅस्टिकची स्लीव्ह तपकिरी होऊन चुरा झाली होती. सीट थंड आणि बोल्ट गरम.

दुरुस्ती काय, तर १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर पॅडपासून थेट बॅटरीच्या मायनसला, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली नवी थिंबलं, वर पेट्रोलियम जेली. १० चा फ्यूज परत त्याच्या जागी. पुन्हा मोजलं: पॅडवर १३.३ व्होल्ट, ७.४ अँपिअर, ९८ वॉट. सगळं काम एका वायरीचं होतं आणि त्यापायी सीटचं शिवलेलं कव्हर गेलं.

तुमच्या गाडीवर हेच करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब अँपिअरच्या खाचेत राहिला नाही ना, ते बघा. तसाच बॅटरीला लावला तर शॉर्ट होतो. कपलरच्या मागून वायरीलगत टाचणी सरकवली की कपलर न सोडवता रीडिंग मिळतं. प्लस बाजू ०.४ च्या आत हवी, मायनस बाजू ०.२ च्या आत. प्लस बाजू जास्त निघाली तर एकेक तुकडा मोजत जा: फ्यूज होल्डरची दोन टोकं, रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना, मग स्विच. यातल्या प्रत्येकावर ०.१ च्या आत आलं पाहिजे. स्विचवर विशेष लक्ष द्या. ज्या किटात सिरीज-पॅरललची अदलाबदल स्विचच करतो, तिथे ‘हाय’चा पूर्ण करंट त्याच्या कॉन्टॅक्टमधून जातो आणि ते जळून काळे पडतात, लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं. किटसोबतची वायरही अनेकदा बारीक असते. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर येऊन-जाऊन चार मीटर असेल, तर ‘हाय’वर एक व्होल्टहून जास्त तिच्यातच जातो.

सीट घरी काढून ठेवली असेल तर हेडलाइटचा एखादा चांगला सुटा एच-फोर बल्ब घ्या, ६०/५५ वॉटचा. दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून पॅडच्या जागी लावा. ‘हाय’हून थोडा जास्तच भार पडतो. बल्ब पिवळट पेटला तर दोष वायरिंगमध्ये. काच हाताला किंवा प्लॅस्टिकला लागू देऊ नका, मिनिटभरात चटका बसेल इतकी तापते.

फ्यूज मोठा टाकणं हा मात्र गुन्हाच आहे. फ्यूज वायरीसाठी असतो, पॅडसाठी नाही. बारीक वायर, तिच्यावर २० चा फ्यूज, आणि खाली फोम व रेक्झिन: सीटखाली वायर सोलली तर फ्यूजच्या आधी वायर पेटेल, आणि समोरच पेट्रोलची टाकी आहे. ‘मोठा फ्यूज टाकला की प्रश्न सुटतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीशी मी भांडलो आहे आणि पुढेही भांडेन. फ्यूज उडत असेल तर वायर कुठे घासतेय ते शोधा: सीट बेसची कड, सीटचं लॉक, बिजागरी, आणि कव्हर ठोकताना वायरीत घुसलेली स्टेपल पिन.

बाकी लक्षणं थोडक्यात. पाच-दहा मिनिटं तापून बंद होते, मग पुन्हा सुरू होते: पॅडमधला थर्मोस्टॅट आपलं काम करतोय, सीटवर कुणी बसलेलं नसताना तर तो लवकर तोडतो. बसल्याबरोबर बंद, उठल्यावर चालू: पॅडच्या तोंडाशी वायर तुटलीय, वजनाने उघडते. एकाच जागी चटका: पॅडला घडी पडलीय. तो पॅड मात्र ताबडतोब काढा, सरळ करून पुन्हा वापरू नका. नागपुरात घडी पडायचं मुख्य कारण मे महिना. ४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली किटची चिकटपट्टी मऊ पडते आणि पॅड सरकतो. वायर पिळून वर काळी टेप मारलेल्या जोडाचंही तेच, गोंद वितळून टेप सुटते. जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, स्लीव्ह चढवलीच पाहिजे.

‘नागपुरात कशाला पाहिजे गरम सीट’ असं तुम्हालाही ऐकवलं गेलं असेल. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर आला होता. पहाटे साडेपाचला मनसरच्या पुढे ८० च्या वेगाने गाडी चालवणाऱ्याची कंबर त्या वाऱ्यात कशी आखडते, हे दुपारच्या उन्हावरून ठरवता येत नाही. सीट घेतली ते बरोबर केलंत.

बॅटरीचं मात्र बघा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, तो भार तुम्ही काढू शकत नाही. त्यावर ‘हाय’चे शंभर वॉट. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर आयडलला थांबल्यासारखं दहा मिनिटं घरी थांबून बॅटरी मोजा. १२.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी रिकामी होतेय. शहरात ‘लो’ ठेवा, ‘हाय’ हायवेवर. रिलेची कॉइल इग्निशनच्या मागे असायला हवी, म्हणजे किल्ली काढली की सीट बंद.

नागपुरात कुठे, याचं उत्तर: एकाच ठिकाणी दोन्ही कामं देऊ नका. सीट शिवणारा चांगला कारागीर वायरिंगचा माणूस नसतो आणि वायरिंगवाला रेक्झिन बिघडवतो. बर्डी, सदर, सक्करदरा, कुठेही जा, पण शिवणाऱ्याला तीन गोष्टी समोर उभं राहून सांगा: पॅड बेसच्या कडेपासून तीन सेंटीमीटर आत, पिना ६ मिलिमीटरच्याच, आणि पॅडच्या वर जेल किंवा जादा फोम अजिबात नाही. पॅडच्या कडांना रबर अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात मारायला सांगा, मधल्या तापणाऱ्या भागावर नाही. वायरीचा जाड भाग फोममध्ये खाच कापून बसवायचा.

हे सगळं बाहेरून बसवलेल्या किटबद्दल आहे. कंपनीतूनच आलेल्या हिटेड सीटमध्ये तापमानाचा सेन्सर आणि कंट्रोलर असतो, तिथे पॅडला थेट बॅटरी लावू नका आणि मूळ हार्नेस (कंपनीचा वायरींचा जुडगा) कापू नका, वॉरंटी जाईल. काही किटांत ‘लो’ रेझिस्टरने किंवा करंट तोडून-जोडून करतात. तुमचं तसं असेल तर ‘लो चालू म्हणजे दोन्ही पॅड जिवंत’ हा माझा तर्क लागू होत नाही, दोन्ही बाजूंना हात ठेवून बघावं लागेल. आणि मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे बसायच्या जागेची संवेदना कमी असेल, तर ‘हाय’ वापरूच नका. चटका बसलेला कळत नाही.

दोन्ही बाजूंचे आकडे मर्यादेत आले, स्विच आणि बॅटरी ठीक निघाली, आणि तरीही ‘हाय’ कोमटच असेल, तर कपलर सोडवून प्रत्येक पॅडचा ओहम मोजा. आधी मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. किटच्या कागदावर दिलेल्या वॉटवरून निघणाऱ्या ओहमपेक्षा पॅड बराच जास्त दाखवत असेल, तरच सीट उघडायला सांगा.