१५ दिवसांचं कलम आणि फोनवरच्या तक्रारी

‘ॲप अर्धवट दिलं आणि डेव्हलपर शेवटचा हप्ता मागतोय, फसवणुकीची तक्रार करू का?’ असे प्रश्न सतत येतात; तुमच्या पत्रातही तोच आहे. तो विचार तूर्त सोडा. त्यासाठी बुडवायचा हेतू पहिल्यापासून होता हे दाखवावं लागतं, आणि इथे अर्धवट का होईना, काम झालंय.

सगळं अडलंय ते करारातल्या एका ओळीवर: डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत ईमेलने त्रुटी न कळवल्यास काम मान्य समजलं जाईल. सही करताना ती वाचली असतीत तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. तुम्ही फोन केलेत, व्हॉइस नोट पाठवल्यात, पण ईमेल एकही नाही.

तरी ते १५ दिवस सुरू कधी झाले, हे बघायला हवं. कराराच्या परिशिष्टात, म्हणजे कामाच्या यादीत, पेमेंट आणि रिफंड दोन्ही आहेत; पहिल्या बिल्डमध्ये (ॲपच्या तुम्हाला दिलेल्या आवृत्तीत) रिफंडची स्क्रीनच नव्हती म्हणता. मग करारातली डिलिव्हरी झालीच नाही, असं म्हणता येईल. टेस्ट लिंकचा ईमेल, बिल्ड क्रमांक आणि रिलीज नोट (त्या बिल्डमध्ये काय आहे याची टीप) काढून परिशिष्टाशी ओळ न् ओळ ताडून बघा. ॲप ग्राहकांसाठी लाइव्ह केलं असेल, तर मात्र हा मुद्दा बराच लंगडा पडतो.

‘रिफंड पुढच्या बिल्डमध्ये देतो’ हा डेव्हलपरचा व्हॉट्सॲप मेसेज तुमच्या कामाचा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघायच्या सांकेतिक आकड्यासकट.

आजच करारातल्या पत्त्यावर ईमेल करा. प्रत्येक त्रुटीपुढे परिशिष्टातला क्रमांक, बिल्ड, स्क्रीन, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. ‘ॲप नीट चालत नाही’ याला काही अर्थ नाही. नव्या मागण्या त्यात घुसडू नका. बटणाचा रंग बदला म्हणालात की तो अख्खी यादी ‘चेंज रिक्वेस्ट’, म्हणजे कराराबाहेरची नवी मागणी, म्हणून बाजूला सारेल.

हप्ता रोखता येईल का, हे तो कशाला जोडलाय त्यावर आहे. करार न बघता सांगणार नाही. सोर्स कोडचे (ॲपच्या मूळ प्रोग्रामचे) हक्क लेखी तुमच्या नावे केलेले नसतील, तर तो वाद निराळा.

दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते आणि निकालाला त्याहून जास्त लागू शकतात. डेव्हलपरचा टेस्ट सर्व्हर तोवर थांबणार नाही. तो बिल्ड आधी उतरवून ठेवा.