तुमचे प्रश्न: युद्धं खरंच वाढलीत का, आणि मुंबईत बसून आपल्याला त्याचं काय

मागच्या वेळी सुदानवर लिहिलं तेव्हापासून खूप प्रश्न आलेत, त्यातले पाच आज घेतोय.

सर, मी ठाण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. एका पुस्तकात वाचलं की जगातली युद्धं कमी होत चाललीत, आणि बातम्या लावल्या की उलटंच दिसतं. पेपरात काय लिहू?

पुस्तक कधीचं आहे ते आधी बघ. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले लोक दरवर्षी जगभरातल्या संघर्षांची मोजदाद करतात. एका बाजूला तरी सरकार पाहिजे आणि वर्षभरात लढाईत किमान २५ माणसं मेलेली पाहिजेत, तर तो सशस्त्र संघर्ष, हजाराच्या वर गेलं की युद्ध. शीतयुद्ध संपल्यानंतर हा आकडा खरोखरच उतरला होता, २००५ च्या मानवी सुरक्षा अहवालात १९९२ पासून ४० टक्क्यांहून जास्त घट झाल्याचं म्हटलंय, तुझं पुस्तक बहुतेक तिथलंच बोलतंय. पण नंतर सिरिया पेटलं, येमेन पेटलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातले देश, म्यानमार, इथिओपियाचा टिग्रे, मग युक्रेन, सुदान, गाझा, आणि २०२४ मध्ये ३६ देशांत ६१ संघर्ष मोजले गेले. १९४६ पासून तोवरचा हा सगळ्यात मोठा आकडा होता.

देश ३६ आणि संघर्ष ६१, म्हणजे बऱ्याच देशांत दोन-दोन, तीन-तीन लढाया एकदम चालू होत्या. तह करायचा तरी कोणाकोणाशी, हा आजचा मोठा प्रॉब्लेम आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेव, कारण ती मला वर्षानुवर्षं छळत आलीय. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत जवळपास ८ लाख माणसं मारली गेली, पण ती नि:शस्त्र माणसं होती, लढाईत मेलेली नव्हती, म्हणून लढाईतल्या मृत्यूंच्या आलेखात ती दिसतच नाहीत, त्यांची नोंद ‘एकतर्फी हिंसा’ या वेगळ्या खान्यात आहे. त्यामुळे कुठलाही आलेख समोर आला की यात कोण धरलंय आणि कोण सोडलंय हे आधी विचार.

मानवी सुरक्षा म्हणजे नक्की काय? आमच्या सोसायटीत सुरक्षा म्हटलं की वॉचमन आणि सीसीटीव्ही. (डोंबिवली)

सरकारांचंही बरीच वर्षं असंच होतं, सुरक्षा म्हणजे सीमा आणि सैन्य. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी हा विचारच फिरवला. देश सुरक्षित आहे पण त्यातला माणूस सुरक्षित आहे का, असं विचारा म्हणाले. कमाई, अन्न, आरोग्य, पर्यावरण, स्वतःचा जीव, आपला समाज आणि राजकीय हक्क अशा सात बाजू त्यात धरल्यात. पुढे अमर्त्य सेन आणि जपानच्या सादाको ओगाता यांच्या आयोगाने २००३ मध्ये त्यावर सविस्तर काम केलं.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर वॉचमन गेटवर आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना चार दिवस पाणी नाही आणि औषधाला पैसे नाहीत, तर ती सोसायटी सुरक्षित म्हणायची का? मी तरी नाही म्हणणार.

युद्धात माणसं गोळ्या आणि बॉम्बनेच मरतात ना? (वसई)

नाही, आणि हे लोकांना पटकन पटत नाही. येमेनमध्ये २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यू झाले असतील असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता, त्यातले साधारण ६० टक्के भूक, घाण पाणी आणि उपचार न मिळणं यामुळे. सुदानमध्ये एल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ जाहीर झाला, पीक बुडालं म्हणून नाही, लढाईमुळे रस्ते बंद आणि अन्न आत जाऊ देत नव्हते म्हणून.

मुंबईवर कधी युद्ध आलंच नाही. मग आपण एवढं का वाचायचं? (माझगाव)

काका, तुम्ही माझगावचे आहात म्हणून सांगतो, तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आलं होतं. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज. आत सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. दुपारी कापसाला आग लागली, बंबवाले पाणी मारत होते, आणि चारनंतर जहाज फुटलं, थोड्या वेळाने परत एक स्फोट. ६६ अग्निशमन जवान गेले. एकूण किती गेले याचे अंदाज ८०० पासून १३०० पर्यंत आहेत, आणि हजारो लोक बेघर झाले. माझी आजी तेव्हा गिरगावात होती, ती सांगायची की चाळीतली भांडी फळीवरून खाली आली आणि सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. शत्रूचं एकही विमान आलं नव्हतं. युद्धाचं सामान एका गजबजलेल्या शहराच्या बंदरात उभं होतं, बस. आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्याच जवानांसाठी.

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, पुढच्या महिन्यात जॉइन होणार. तांबड्या समुद्राच्या बातम्या वाचून मला झोप लागत नाही. तो म्हणतो काही होत नाही. (मुलुंड)

ताई, तुमची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं, त्यावरचे खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले, म्हणजे वर्षाहून जास्त. त्यांचा कुठल्याच भांडणाशी संबंध नव्हता. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले, २१ जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं, त्यात एक भारतीय होता. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, वेळ जातो, डिझेल जातं, पण माणसं वाचतात.

आता कामाचं. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचं (डीजी शिपिंग) आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, आहे का ते मुलाला स्वतः तपासायला सांगा. अॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी जहाजाचा रूट विचारा आणि जहाजाला आयबीएफचा, म्हणजे खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्या यांच्यातला आंतरराष्ट्रीय करार लागू आहे का तेही विचारा, कारण तो असेल आणि पुढचा भाग युद्धसदृश क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर तिकडे जायला नाही म्हणता येतं आणि कंपनीला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवावं लागतं, आणि जायचं ठरवलं तर जास्तीचा पगार आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर दुप्पट नुकसानभरपाई असते. हा हक्क पोरांना माहीत असतो, पण पुढचं काँट्रॅक्ट जाईल या भीतीने कोणी वापरत नाही. तुम्ही त्याला एवढंच सांगा की नाही म्हणून परत आलास तर घरी कोणी काही बोलणार नाही. आणि अॅग्रीमेंटची एक झेरॉक्स घरी ठेवा, कपाटात नाही, फोनजवळ.