सरकारी सेवेचे शुल्क कोण ठरवते आणि त्याचा हिशेब कुठे सापडतो?

दाखला, उतारा, खरेदीखताची नोंदणी, वाहन परवाना अशा कामांसाठी सरकारी कचेरीत भराव्या लागणाऱ्या पैशांविषयी सीमाभागातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि संबंधित कचेऱ्यांचा उल्लेख गाळून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला मी एका सेवा केंद्रात गेलो. पावतीवर एक रक्कम छापलेली होती आणि माझ्याकडून घेतली गेली त्याहून जास्त. विचारल्यावर ‘सर्व्हरचा चार्ज’ असे उत्तर मिळाले. खरे शुल्क कोण ठरवतो आणि आम्ही ते कुठे पाहायचे? – एक शेतकरी, खानापूर तालुका

सरकारी खिडकीवर मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक रुपयामागे कोणाची तरी सही असलेला, तारीख आणि क्रमांक असलेला आदेश असावा लागतो. तो आदेश नसेल तर ती रक्कम शुल्क ठरत नाही, मग ती मागणारा माणूस खिडकीच्या आत बसलेला असो वा बाहेर. राज्याच्या अखत्यारीतील विषयांवर शुल्क आकारण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या 66 व्या नोंदीतून येतो. त्या नोंदीच्या आधाराने विधिमंडळ कायदा करते, कायदा सरकारला नियम करण्याचा अधिकार देतो आणि रक्कम बहुतेक वेळा त्या नियमांत किंवा त्यांखाली काढलेल्या अधिसूचनेत ठरते. खिडकीवरचा कर्मचारी या साखळीत कुठेही शुल्क ठरवणारा नाही. तो फक्त गोळा करणारा आहे.

ग्राम वन, कर्नाटक वन (‘वन’ म्हणजे इंग्रजी One) किंवा बापूजी सेवा केंद्र या सरकारी सेवा केंद्रांमार्फत अर्ज केला की दोन वेगळ्या रकमा एकत्र येतात. एक म्हणजे सरकारचे अर्जशुल्क, जे राजकोषात जाते, आणि दुसरी म्हणजे केंद्राचे सेवाशुल्क, जे केंद्र चालवणाऱ्याच्या कामाचा मोबदला असते. ही दुसरी रक्कमही सरकारनेच ठरवून दिलेली असते. केंद्रचालकाने ती मनाने वाढवायची नसते. त्यामुळे पावती हातात आली की एकूण आकडा पाहून थांबू नये, त्यात अर्जशुल्क किती आणि सेवाशुल्क किती हे वाचावे. ‘सर्व्हरचा चार्ज’ ही तिसरी बाब पावतीवर नसेल तर ती रक्कम परत मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि ती रोख देऊन वर पावती न घेणे म्हणजे तक्रारीचा एकमेव पुरावा स्वतःच्या हाताने सोडून देणे होय.

दाखल्याची सेवा ‘सकाल’ कायद्याखाली, म्हणजे नागरिकांना ठरलेल्या मुदतीत सेवेची हमी देणाऱ्या कर्नाटकच्या कायद्याखाली येते. 2011 च्या या कायद्यानुसार, ज्याची अंमलबजावणी 2012 पासून सुरू झाली, अर्जदाराला पोचपावतीसोबत पंधरा अंकी जी.एस.सी. (सेवा हमी) क्रमांक मिळतो, सेवेची मुदत ठरलेली असते आणि मुदत चुकली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे, परंतु ती जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल होत असल्याने क्रमांक मागणाऱ्या अर्जदाराकडे कचेरीत वेगळ्या नजरेने पाहिले जाते. अर्ज आला तेव्हा क्रमांकच दिला नाही तर मुदत मोजायची कुठून, हा प्रश्न उरतो. म्हणून पैसे आणि क्रमांक यांची देवाणघेवाण एकाच वेळी व्हायला हवी.

शुल्क ठरताना आपले मत विचारले जाते का, हे आपल्या पत्रात नाही, पण मला ते महत्त्वाचे वाटते. विजेचे उदाहरण घ्या. आपल्याकडे वीज देणारी हेस्कॉम दर वाढवू इच्छिते तेव्हा तिला कर्नाटक वीज नियामक आयोगाकडे अर्ज करावा लागतो, तो अर्ज लोकांसमोर प्रसिद्ध करावा लागतो, आणि 2003 च्या वीज कायद्यानुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. बेळगावचा शेतकरी किंवा गिरणीमालक आयोगाच्या सुनावणीत उभा राहून कंपनीच्या खर्चाच्या आकड्यांवर बोट ठेवू शकतो. मोटार वाहन कायद्याखालील नियमही आधी मसुदा प्रसिद्ध केल्याशिवाय पक्के करता येत नाहीत. दाखल्याच्या शुल्काला मात्र अशी सुनावणी नाही. ज्या कुटुंबाला वर्षातून चार वेळा दाखला काढावा लागतो त्याला वाढ झाल्याचे खिडकीवर कळते. ही उणीव दूर व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-दहा रुपयांची वाढ असली तरी तिचे कारण आणि सेवेचा खर्च एका पानात आधी मांडणे कोणत्याही खात्याला अशक्य नाही.

प्रश्न : जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका नोंदणी कार्यालयात शुल्काचा फलक केवळ कन्नडमध्ये होता. बाँड रायटरने सांगितली ती रक्कम आम्ही भरली. फलक मराठीत लावण्याची काही तरतूद आहे का? शिवाय नोंदणी शुल्क एकदम दुप्पट झाले ते कसे? – एक गृहिणी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 1908 च्या नोंदणी कायद्यातच आहे. त्या कायद्याचे 78 वे कलम राज्य सरकारला शुल्काचा तक्ता तयार करायला सांगते आणि 79 वे कलम म्हणते की तो तक्ता राजपत्रात प्रसिद्ध करावा, आणि त्याची प्रत इंग्रजीत व जिल्ह्याच्या देशी भाषेत प्रत्येक नोंदणी कार्यालयात लोकांना दिसेल अशी लावावी. आज कर्नाटकात त्या भाषेचा अर्थ कन्नड असा घेतला जातो, परंतु इंग्रजी प्रत लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे; म्हणजे केवळ कन्नड फलक ही अर्धी पूर्तता झाली. मराठी प्रतीची मागणी करायची असेल तर आधार दुसरीकडे आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 मध्ये ठरलेल्या संरक्षणांनुसार, एखाद्या स्थानिक भागात अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, अशी अपेक्षा आहे. खानापूर, निपाणी आणि बेळगाव भागात या अटीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. शुल्काचा तक्ता हा महत्त्वाच्या सूचनेपेक्षा कमी महत्त्वाचा असू शकत नाही, कारण तो न वाचता येणारा माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर पैसे मोजतो.

बाँड रायटरला दिलेल्या रकमेत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि त्याची स्वतःची लिहिणावळ. पहिल्या दोन सरकारच्या आहेत आणि त्यांच्या पावत्या किंवा चलन आपल्या नावाने निघतात. तिसरी आपल्यातला व्यवहार आहे. तिन्ही आकडे कागदावर वेगळे मागून घ्यावेत.

दुप्पट होण्याविषयी: कर्नाटकात नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून मिळकतीच्या मूल्याच्या 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले. 30 लाखांच्या घरासाठी जेथे 30 हजार रुपये भरावे लागत, तेथे आता 60 हजार. मुद्रांक शुल्काचे दर 1957 च्या कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि ते वाढवायचे तर विधिमंडळात विधेयक आणावे लागते. नोंदणी शुल्काचा तक्ता मात्र 78 व्या कलमाखाली सरकार स्वतः बदलू शकते, त्यामुळे ही वाढ सभागृहातील चर्चेशिवाय होऊ शकते. दोन्ही रकमा एकाच दिवशी, एकाच कामासाठी, एकाच खात्यात भरणाऱ्या माणसाला हा फरक दिसत नाही; पण एकीला आमदारांच्या मताची गरज आहे आणि दुसरीला नाही, हे त्याने जाणून घेतले पाहिजे.

प्रश्न : शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला, असे आम्ही शाळेत शिकवीत आलो. मग नोंदणीसाठी मूल्याच्या टक्केवारीने पैसे का घेतात? आणि जमा झालेला पैसा त्या सेवेवरच खर्च होतो की नाही हे सामान्य माणसाला तपासता येते का? – निवृत्त शिक्षक, बेळगाव

आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात प्रथम ठळकपणे मांडला. तेव्हाच्या मद्रास राज्याने मठ-मंदिरांच्या देखरेखीसाठी त्यांच्या उत्पन्नावर वार्षिक वर्गणी बसवली होती. ती शुल्क आहे असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने पाहिले की गोळा झालेला पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो, तो देखरेखीच्या खर्चासाठी वेगळा ठेवला जात नाही, आणि दिलेल्या सेवेशी त्याचा संबंध दाखवलेला नाही; म्हणून तो कर ठरला आणि तो बसवण्याचा अधिकार राज्याला नव्हता. पुढे 1983 पर्यंतच्या निकालांतून ही कसोटी सैल होत गेली. आता प्रत्येक रुपयाचा सेवेशी काटेकोर हिशेब जुळावा लागत नाही, ढोबळ संबंध दिसला तरी पुरते.

दहा लाखांचे खरेदीखत आणि एक कोटीचे खरेदीखत नोंदवायला कचेरीला लागणारे श्रम जवळजवळ सारखेच असतात, हे तेथे एक दुपार बसलेला कोणीही सांगेल. असे असता शुल्क दहापट होते, तेव्हा ते नावाने शुल्क आणि स्वभावाने कर आहे, असेच मी मानतो. सरकारची स्वतःची हिशेबपद्धतीही याला दुजोरा देते: देशभरातील सरकारी लेख्यांत ‘मुद्रांक व नोंदणी शुल्क’ हे 0030 क्रमांकाचे शीर्ष (जमा-खर्च नोंदवण्याचे सदर) करेतर उत्पन्नात नसून कर उत्पन्नाच्या भागात आहे.

तपासणीबाबत आपल्याला एक साधी वाट सांगतो. सरकारी लेख्यांत चार अंकी शीर्ष असते. शून्याने सुरू होणारे शीर्ष जमेचे आणि पुढचे तेच अंक ठेवून दोनाने सुरू होणारे शीर्ष बहुधा त्याच विषयाच्या महसुली खर्चाचे. 0030 मुद्रांक-नोंदणीची जमा, 2030 त्यावरचा खर्च. 0055 पोलीस खात्याची जमा, 2055 खर्च. 0202 आणि 2202 शिक्षण. 0210 आणि 2210 आरोग्य. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त खात्याच्या संकेतस्थळावर असतात, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष जमा-खर्चाचे वित्त लेखे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या वतीने विधिमंडळासमोर ठेवले जातात. दोन्ही शीर्षे शेजारी लिहून काढली की नोंदणी खात्याची जमा खर्चाच्या कितीतरी पट आहे आणि सरकारी दवाखान्यांत मिळणारे शुल्क तेथील खर्चाचा अगदी लहान भाग आहे, हे चित्र कोणत्याही मराठी शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. जातीच्या दाखल्यातून किती, उताऱ्यातून किती, असे सेवानिहाय आकडे त्या पुस्तकांत मिळत नाहीत. ते मोठ्या शीर्षात विरघळून जातात. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारा ‘भूमी’ प्रकल्प 2000 च्या सुमारास सुरू झाला तेव्हा संगणकीय पहाणी उताऱ्याला 15 रुपये घेतले जात आणि त्या पैशावर तालुक्याच्या केंद्रांचा खर्च भागवायचा, असे उघडपणे सांगितले गेले होते. इतका थेट संबंध सांगणारी घोषणा आज दुर्मिळ आहे. प्रत्येक सेवेचे शुल्क, वर्षातील अर्ज, जमलेली रक्कम आणि झालेला खर्च असा चार रकान्यांचा तक्ता प्रत्येक खात्याने दरवर्षी लावावा. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम न मागता माहिती प्रसिद्ध करायला सांगते. हा तक्ता त्या कलमाच्या हेतूत पूर्णपणे बसतो. हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरते तेव्हा आपल्या आमदारांकडून हा प्रश्न सभागृहात विचारवून घेणेही शक्य आहे.

प्रश्न : कोल्हापूरकडच्या नातेवाइकाला शिकाऊ परवान्यासाठी वेगळी रक्कम पडली आणि मला वेगळी. तसेच बाळाच्या जन्मदाखल्याला पैसे घेतले. हे बरोबर आहे का? – एक तरुण, कागवाड

परवान्याचे मूळ शुल्क केंद्र सरकारच्या नियमांत आहे: शिकाऊ परवाना 150 रुपये, वाहन चालवण्याची चाचणी 300, परवाना 200, आणि ते सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. तंत्रज्ञानाच्या खर्चासाठी राज्यांना वर रक्कम लावण्याची मुभा आहे, फरक तेथे पडतो. पासपोर्टचे 36 पानांच्या पुस्तिकेचे 1500 रुपये मात्र देशभर एकच.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत दिली असेल तर माहिती देणाऱ्याला पहिला दाखला विनामूल्य मिळतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याचे 12 वे कलम तसे सांगते. जादा प्रतींना आणि उशिराच्या नोंदीला शुल्क आहे. आपली पहिलीच प्रत होती का, हे पाहा.

प्रश्न : शुल्काचा आदेश माहिती अधिकारात मागवायचा आहे. अर्ज मराठीत चालेल का? – एक वाचक, बेळगाव तालुका

कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे कन्नड येत नसेल तर हिंदीत लिहिलेला अर्ज नाकारता येत नाही. मराठी अर्जाबाबत तशी खात्री देता येत नाही. लिहिता येत नसलेल्या माणसाचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तक्रार अर्ज वेगळा: राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, म्हणून जादा पैशांची तक्रार मराठीत अवश्य द्यावी.

कर्नाटकात माहिती अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला असावा लागतो, शुल्क 10 रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. अमुक सेवेचे शुल्क ठरवणाऱ्या सध्याच्या आदेशाची तारखेसह प्रत, त्यातील सरकारचा आणि केंद्रचालकाचा वाटा, रक्कम ज्या लेखाशीर्षात जमा होते त्याचा क्रमांक, आणि गेल्या आर्थिक वर्षात आपल्या तालुक्यात त्या सेवेतून जमलेली एकूण रक्कम, एवढेच मागावे. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. ती उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते आणि पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.