फुजी, पण जपानी नव्हे

प्रश्न : लागोसमधल्या एका लग्नाचा व्हिडिओ पाहिला. गायक गातोय, मागे दहाबारा ढोलवाले, आणि पाहुणे येऊन गायकाच्या कपाळावर नोटा चिकटवताहेत. खाली लिहिलं होतं ‘फुजी’. नायजेरियात हा जपानी डोंगर कुठून आला? आणि नोटा कशासाठी? – एक वाचक

उत्तर : डोंगर आला तो पोस्टरवरून. सिकिरू आयिन्दे बॅरिस्टर हा ‘फुजी’ नावाच्या या नायजेरियन संगीतप्रकाराचा मुख्य कर्ता. (वकिलीशी संबंध शून्य, ‘बॅरिस्टर’ हे नुसतं बिरुद.) विमानतळावर फुजी पर्वताचं पोस्टर दिसलं नि नाव आवडलं, असं तो सांगायचा. योरुबा या तिथल्या लोकांच्या भाषेत मौजमजेला ‘फाजी’ म्हणतात, त्यामुळे हे नाव लोकांच्या जिभेवर पटकन बसलं असावं. हा आपला माझा तर्क.

नाव उचललेलं, माल मात्र घरचा. नैर्ऋत्य नायजेरियात योरुबा मुसलमान पुष्कळ. रमजानमध्ये सहरीसाठी लोकांना उठवायला पोरांची टोळकी ढोल वाजवत, गात गल्ल्यांतून फिरायची. त्या गाण्याचं नाव ‘वेरे’. वासुदेव आठवला ना? मलाही आठवला होता. पण वासुदेव एकटा आणि सौम्य. इथे टोळक्याटोळक्यांत चुरस, स्पर्धासुद्धा. बॅरिस्टर पोरवयात यातच तयार झाला. पुढे १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धाच्या काळात तो सैन्यात होता. त्यानंतर त्याने वेरेला रमजानच्या महिन्यातून बाहेर काढलं, त्यात आपाला आणि साकारा या जुन्या शैली मिसळल्या, आणि पहाटेचं गाणं रात्रभराच्या मेजवान्यांत नेऊन बसवलं. कोलिंग्टन आयिन्ला हा त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. दोघांत थोर कोण, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही.

सुरुवातीच्या फुजीत गिटार नव्हतीच. ती ‘जुजू’ या दुसऱ्या योरुबा संगीतप्रकारवाल्यांची. इथे मुख्यतः गळा आणि चामडं. मी तबला शिकलेला माणूस, त्यामुळे माझा जीव अडकला तो बोलक्या ढोलात. आकार मोठ्या डमरूसारखा. दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या दोऱ्या. ढोल काखेत धरून दंडाने दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. डग्ग्यावर मनगट सरकवून आपण घुमारा काढतो, तसंच काहीसं. फरक असा, की योरुबा भाषेत सुराच्या तीन पातळ्या आहेत आणि सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे वादक चढउतारांतून अख्खं वाक्य वाजवतो, आणि जाणकाराला ते कळतं.

आता नोटा. गायक पाहुण्याचं नाव घेतो, बापजाद्यांची थोरवी गातो. पाहुणा नाचत येऊन नायराची (तिथलं चलन) एकेक नोट त्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवतो. इंग्रजीत याला ‘स्प्रेइंग’ म्हणतात. कायद्याने हा गुन्हा आहे बरं का! २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार किमान सहा महिने कैद, किंवा किमान ५०,००० नायरा दंड, किंवा दोन्ही. तरी नोटा उडतातच.

व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी गायकाकडे बघू नका. काखेत ढोल धरलेला माणूस शोधा. पाहुणा खिशात हात घालण्याआधी तो काय वाजवतो, तेवढं ऐका.