सगळं जपायचा हट्ट सोडा

प्रश्न : ताई, मी ४५ वर्षांची. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. मुलाची बारावी झाली, आता तो पुण्याला हॉस्टेलवर जाणार. परवा माळा आवरताना त्याची बालवाडीतली पाण्याची बाटली सापडली आणि ती त्याच्या गळ्यात कशी दिसायची, तेच आठवेना. मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण वर्षं नुसती डबे, लोकल, क्लास, पुन्हा डबे यातच गेली. आता तरी प्रत्येक क्षण जगायचा म्हणून ध्यानाचं ॲप घेतलं, डायरी आणली. दोन्ही जमत नाही. रात्री बारापर्यंत आवरत असते, पाचला उठते. सकाळी डबा दिला की तो झाकण उघडून आधी वास घेतो, मगच बॅगेत टाकतो, आणि तेव्हा मी पर्स शोधत असते. मी आई म्हणून तिथे नव्हतेच का?

उत्तर : होतात की! काहीच आठवत नाही म्हणता आणि त्याच पत्रात तो झाकण उघडून वास घेतो हे लिहिता. पर्स शोधता शोधता पाहिलंत ना ते? मग झालं. याहून जास्त ‘हजर’ असलेली आई मला तरी माहीत नाही.

इतक्या वर्षांत तुम्ही हजारो डबे भरले असतील. एकसारख्या दिवसांच्या वेगवेगळ्या आठवणी मेंदू ठेवत नाही, सगळ्यांचा मिळून एकच डबा ठेवतो. बाटली आठवली नाही म्हणून तुमचं प्रेम कमी पडलं, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही.

ते ॲप आधी काढून टाका. ‘प्रत्येक क्षण जगा’ हे वाक्य ज्याने कुणी काढलं, त्याला सकाळची ८ची फास्ट पकडायची नसणार. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० साली २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवरून विचारलं होतं, की आत्ता मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. सगळ्या दुनियेचं मन भटकतं, तुमच्या एकटीचं नाही. दिवसभर सावध राहायचं ठरवलंत तर ती आणखी एक ड्यूटी होईल, आणि ड्यूट्या तुमच्याकडे कमी आहेत का?

फोटोंचं मात्र जरा ऐका. २०१४ मध्ये अमेरिकेत लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण जिथे झूम करून वस्तूच्या एकाच भागाचा फोटो काढायला सांगितला होता, तिथे हा तोटा दिसला नाही. का, ते उघड आहे. झूम करायचं तर नीट बघावं लागतं. म्हणून वाढदिवसाला केकमागे रांगेत उभं करून चाळीस फोटो काढू नका. एकच काढा. त्याचा कोपरे दुमडलेला जर्नल, नाहीतर पाठीमागे टाच चेपून घातलेले बूट.

डायरी राहू दे माळ्यावर. त्यापेक्षा रात्री जेवताना दिवसातली एक गोष्ट बोलून दाखवा, यजमानांना किंवा त्यालाच. ‘दिवस छान गेला’ हे चालणार नाही. ‘आज ठाण्याला चढलेल्या बाईने अख्खा गजरा सीटवर बसून ओवला’ हे चालेल. पाहिलेलं त्याच दिवशी आठवून सांगितलं की पक्कं होतं. परीक्षेच्या अभ्यासाचं जे तंत्र, तेच इथेही.

आणि झोपा हो! पाच तासांची झोप आणि वर स्मरणशक्तीकडून अपेक्षा? दिवसभराच्या आठवणी झोपेत आणखी पक्क्या होतात. शिवाय पाळी जायच्या आधीच्या वर्षांत विसरभोळेपणा पुष्कळ जणींना जाणवतो. गॅस चालू राहणं, भेटायची वेळ विसरणं असंही होत असेल, तर डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. रात्रीचं आवरणं बाकी दोघांमध्ये वाटून टाका. अठरा वर्षांच्या मुलाला भांडी घासता येत नसतील, तर हॉस्टेलला जायच्या आत ती यायलाच हवीत.

एक सांभाळा. उरलेले दिवस डोळ्यांत पाणी आणून त्याच्यामागे फिरू नका. ‘आता हे शेवटचंच’ असं दर जेवणाला ऐकलं तर तो मित्राकडे जेवायला पळेल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

गेल्यावर फोन कराल तेव्हा ‘कसा आहेस?’ विचारू नका, ‘बरा’ एवढंच येईल. ‘मेसमधली डाळ पातळ असते का रे?’ विचारा. पंधरा मिनिटं बोलेल.