चिनी भाषेत नवे शब्द कसे तयार होतात? प्रत्येक शब्दाला नवीन चित्रलिपी काढावी लागते का?

नाही, नवं अक्षर क्वचितच लागतं. बहुतेक वेळा हाताशी असलेली दोन अक्षरं जोडली की काम भागतं, कारण साधारणपणे प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. आपल्या समासासारखंच. (उच्चार ढोबळ लिहितोय, सूर सोडून.)

'त्येन' म्हणजे वीज. त्याला 'नाओ', म्हणजे मेंदू, जोडला की संगणक. 'यिंग', म्हणजे सावली, जोडली की सिनेमा. 'ह्वो' आग, 'छ' गाडी; 'ह्वो-छ' म्हणजे रेल्वे. थेट आपली आगगाडीच! पुढे 'चान' लावलं की स्टेशन.

मला सगळ्यात आवडते ती विरुद्धार्थी जोडी. 'ता' मोठा, 'श्याओ' लहान. 'ता-श्याओ' म्हणजे आकार. 'खाय-क्वान', म्हणजे उघड-बंद, हे विजेच्या बटणाचं नाव.

परके शब्द जसेच्या तसे उचलणं चिनीत कमी. 'खाफेइ' (कॉफी), 'शाफा' (सोफा) टिकले, पण टेलिफोनसाठी आधी रूढ असलेला, इंग्रजी उच्चारावर बेतलेला 'तलुफंग' मागे पडला आणि 'त्येन-ह्वा', म्हणजे विजेवरचं बोलणं, रुळला. गंमत म्हणजे ही जोडी जुळवली जपान्यांनी; अक्षरं चिनीच, म्हणून चीनमध्ये ती सहज खपली.

लांबलचक नावं मात्र सर्रास छाटतात. बीजिंग विद्यापीठ म्हणजे 'पेइचिंग ताश्वे', पण बोलताना दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर घेऊन नुसतं 'पेइता'.