पक्ष्यांसाठी कायदा कुणी आणला?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा मुलगा लीड्सला असतो. गेल्या जूनमध्ये त्याने आम्हाला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर बेम्प्टनचे कडे बघायला नेलं, कड्यावर पाय ठेवायला जागा नाही इतके पक्षी! तिथे कोणीतरी म्हणालं की पूर्वी लोक इथे गंमत म्हणून पक्षी मारायला यायचे. खरंय का हे? आणि बंद कुणी पाडलं?

उत्तर : काका, अगदी खरंय. १८४६ मध्ये जवळच्या ब्रिडलिंग्टनपर्यंत रेल्वे आली आणि मग बाहेरगावचे हौशी लोक बंदुका घेऊन यायला लागले, बोट भाड्याने घ्यायची, कड्याखाली जायचं आणि वर धडाधड गोळ्या झाडायच्या. आणि हे सगळं ऐन विणीच्या हंगामात! तुम्ही तिथे काळे-पांढरे गिलिमॉट बघितले असतील, ते घरटंसुद्धा बांधत नाहीत, उघड्या खडकावर एकच अंडं घालतात, त्यामुळे आईबाप गेले की पिल्लू तिथेच उपाशी मरतं. किटीवेक नावाच्या छोट्या कुरव पक्ष्याचे हाल तर विचारूच नका, बायकांच्या हॅटवर लावायला त्याचे पंख हवे असायचे, ते जखमी पक्ष्याचे जिवंतपणीच उपटायचे आणि उरलेला पक्षी पाण्यात फेकून द्यायचे. लिहितानाही अंगावर काटा येतो.

आवाज उठवला तो केंब्रिजचे प्राणिशास्त्राचे प्रोफेसर आल्फ्रेड न्यूटन यांनी. ग्रेट ऑक हा समुद्रपक्षी माणसाने मारून मारून संपवला त्याचा त्यांनी अभ्यास केला होता, त्यासाठी १८५८ मध्ये ते आइसलँडलाही जाऊन आले होते, म्हणजे एखादी जात कशी नाहीशी होते हे त्यांना पक्कं माहीत होतं. १८६८ मध्ये नॉर्विचला शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी सरळ सांगितलं की विणीच्या काळात शिकार बंदच पाहिजे, आणि पंखांची हॅट घालणाऱ्या बाईच्या कपाळावर खुनाचा डाग आहे असंही सुनावलं.

पण माझ्या मते खरी कमाल ब्रिडलिंग्टनचे पाद्री बार्न्स-लॉरेन्स यांची. त्यांनी त्याच वर्षी पक्षीरक्षणासाठी संस्था काढली. नुसतं दया करा म्हणून पार्लमेंट हलणार नव्हतं, म्हणून या मंडळींनी किनाऱ्यावरच्या लोकांचा फायदा पुढे आणला. धुक्यात कडा दिसत नसला तरी पक्ष्यांच्या कलकलाटावरून खलाशांना कळायचं की खडक जवळ आलाय, म्हणून या पक्ष्यांना फ्लॅमबरोचे (जवळच्या भूशिराचे) पायलट, म्हणजे वाटाडेच म्हणायचे. कोळ्यांना पक्ष्यांवरून माशांचा थवा कुठे आहे ते समजायचं आणि शेतकऱ्यांच्या शेतातले किडे कुरव खायचे. मग खासदार ख्रिस्तोफर साइक्स यांनी बिल मांडलं आणि जून १८६९ मध्ये कायदा झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट शिकार बंद, नाहीतर पक्ष्यामागे एक पौंडापर्यंत दंड.

आता यातली खोट बघा. किटीवेकची बरीच पिल्लं १ ऑगस्टलाही घरट्यातच असतात! तिकडे डेव्हनजवळ लंडी बेटावर पंखांचे व्यापारी बोटी घेऊन मुदत संपायची वाटच बघत असायचे, १ ऑगस्टला उजाडलं की कत्तल सुरू. आणि अंड्यांना तर या कायद्यात संरक्षणच नव्हतं. बेम्प्टनला दोरावरून कड्यावर उतरून अंडी गोळा करणाऱ्यांना क्लिमर म्हणायचे, त्यांचं काम पार १९५४ च्या कायद्यापर्यंत चालू होतं.

तरी १८६९ चा कायदा झाला म्हणूनच पुढचं शक्य झालं असं मला मनापासून वाटतं. १८७२ आणि १८८० मध्ये इतर रानपक्ष्यांसाठीही कायदे आले, आणि १८८९ मध्ये मँचेस्टरला एमिली विल्यमसन यांनी पिसांच्या फॅशनविरुद्ध बायकांना एकत्र करून जी संस्था काढली तीच आजची आरएसपीबी ही ब्रिटनची पक्षीरक्षण संस्था, तुम्ही ज्या बेम्प्टनला गेलात तिथलं अभयारण्य तीच सांभाळते.